सोनारीच्या सुमनकडे

ईट

एकेचाळीस वर्षांनी मी ईटला मुक्कामाला गेले. मधल्या काळात लग्नकार्याला, मयतीला जाणं झालं होतं, पण ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आई-वडील गेल्यावर तेही थांबलं. नाशिकला एका शाळेच्या ऑफिसात मी काम करते. तिथं कुणी गाव विचारलं की मी 'भूमजवळ' म्हणते, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की 'तुळजापूर माहीत आहे ना, त्या जिल्ह्यात' असं सांगून सुटते.

जायचं ठरलं ते कुसुमच्या फोनमुळं. कुसुम माझी शाळेतली मैत्रीण. ती गावातच राहिली. सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवते, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बायका-मुलींशी एका विषयावर बोलते. मुलींवर, बायकांवर जबरदस्ती होते तेव्हा काय करायचं, कुणाला सांगायचं, दवाखान्यात आणि पोलिसात कसं जायचं. जिच्यावर वेळ येते तिच्याबरोबर ती स्वतः जाते. हे मला माहीत होतं. फोनवर तिनं नवीन सांगितलं ते असं : "सोनारीला सुमन भेटती मला अधनंमधनं. परवा म्हणली, विजू कुठं असती गं?"

आमच्याच वर्गातली सुमन माझी चौकशी करत होती.

थंडीचे दिवस होते. उतरल्या उतरल्या पहिला वास आला तो आटणाऱ्या दुधाचा. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पूर्वीपासून. लहानपणी शाळेच्या वाटेवर एक भट्टी होती. कढईच्या कडेला चिकटलेली खरवड खायला मिळावी म्हणून आम्ही तिघी, मी, कुसुम आणि सुमन, उगाच तिथं रेंगाळायचो. भट्टीवाले मामा आधी रागवायचे आणि मग पळसाच्या पानावर खरवड द्यायचे. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. लांब माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. त्या आमच्या वेळी नव्हत्या, पण माळ तोच होता, बोडका आणि कुठं कुठं बाभळ असलेला. नाशिकला मी इतकी वर्षं द्राक्षाचे हिरवे मांडव बघते, तरी डोळा निवतो तो असल्या माळावरच.

कुसुमनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं कालवण केलं होतं. भाकरी मोडताना तिनं विचारलं, "उद्या मुलींसमोर बोलायचंय. तू येतीस का नुसती बसायला?"

दुसऱ्या दिवशी एका शाळेत आठवी-नववीच्या चाळीसेक मुली सतरंजीवर बसल्या होत्या. मी गेले ते भाषण ऐकायच्या तयारीनं. कुसुमनं भाषण केलंच नाही. तिनं प्रत्येकीला कागदावर स्वतःचा पंजा गिरवायला लावला आणि म्हणाली, "एकेका बोटावर एका माणसाचं नाव लिव्हा. असं माणूस, की काही वाईट झालं तर त्याला सांगता यावं, आणि ते तुम्हाला रागवायच्या आधी तुमचं ऐकून घेईल."

मुली हसल्या, कुजबुजल्या, मग लिहू लागल्या. पाचही बोटं भरलेल्या थोड्याच होत्या. माझ्याशेजारच्या मुलीनं करंगळीवर आजीचं नाव लिहिलं, अंगठ्यावर बाईंचं, आणि मधली तीन बोटं तशीच ठेवून पेन दातात धरून बसली. कुसुम तिच्यापाशी वाकली. "दोन हायत ना? लई झाली. एक असलं तरी पुरतं." मग तिनं मुलांसाठीचा फुकट फोन नंबर फळ्यावर लिहिला, सगळ्यांना मोठ्यांदा तीनदा म्हणायला लावला आणि सांगितलं, "पहिल्या माणसानं ऐकलं न्हाय तर दुसऱ्याला सांगायचं. दुसऱ्यानं न्हाय ऐकलं तर तिसऱ्याला. चूक तुमची नसती, कवाच नसती."

मी मागं बसून माझा स्वतःचा पंजा बघत होते. नववीत असताना सुमननं असा पंजा गिरवला असता तर एका बोटावर माझं नाव लिहिलं असतं.

हे सांगितलंच पाहिजे. सुमनचं घर गावाबाहेर वस्तीवर होतं. त्या साली पेरणीच्या दिवसांत तिच्याकडं एक नातेवाईक मदतीला येऊन राहिला होता. एका संध्याकाळी, कुसुम तापानं घरी होती म्हणून आम्ही दोघीच परतत होतो, तेव्हा ओढ्यापाशी सुमन थांबली आणि तो तिच्याशी काय करतो ते तिनं मला सांगितलं. तिच्याकडं त्यासाठी शब्द नव्हते आणि माझ्याकडंही नव्हते. पण मला कळलं. मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. ती म्हणाली, "कुणाला बोलू नको. आन् तिच्यासंगं जाऊ-येऊ नको आता."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सुमनशेजारी बसले नाही. पुढच्या बाकावर जाऊन बसले. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. महिन्याभरात तिची शाळा सुटली आणि माघात तिचं लग्न लावून दिलं. ती पंधरा वर्षांची होती.

सोनारी

सोनारी परंडा तालुक्यात. काळभैरवनाथाचं देऊळ आणि माकडं या दोन गोष्टींसाठी गावाचं नाव. नवस फेडायला माणसं लांबून येतात, आणि त्यांच्या हातातल्या पिशव्यांची वाट बघत माकडं कळसावर, भिंतीवर, गाड्यांच्या टपावर बसून असतात. लहानपणी मी आत्याबरोबर एकदा आले होते. तेव्हा माकडानं माझ्या हातातला नारळ नेला होता आणि मी दिवसभर रडले होते.

या खेपेला नारळ कुसुमनं नीट पदराखाली धरला, आणि माकडानं नेली ती दुसरी पिशवी. तिच्यात मुलींनी गिरवलेले सगळे पंजे होते. एका दांडग्या नरानं ती झटक्यात ओढली आणि पत्र्यावर जाऊन बसला. एक कागद काढून हुंगला, टाकला. दुसरा काढला. कुसुम खाली उभी राहून हातवारे करत होती. "आरं ठिव! मुलींची नावं हायत त्यात!"

तेवढ्यात पलीकडच्या गुलाल-खोबऱ्याच्या दुकानातून एक बाई हातात फुटाण्याचं माप घेऊन बाहेर आली. ठेंगणी, अंगानं भरलेली, डोक्यावरून घट्ट पदर. तिनं माकडाकडं बघून एवढंच म्हटलं, "काय रं ह्ये? दे की." मुठीतले फुटाणे भिंतीवर पसरले. माकड पिशवी सोडून उतरलं. बाईनं पिशवी उचलून झटकली, पडलेले कागद एकेक करून वेचले, कुसुमला दिले, आणि मग माझ्याकडं वळली.

"विजू, लई वाळलीस गं," ती म्हणाली.

ती सुमन होती. मी इतकी वर्षं मनात जी बाई घेऊन फिरत होते ती खांदे पाडून चालणारी, कुणाशी न बोलणारी होती. समोर होती तिचं दुकान होतं. तिच्यामागं नारळांची रास होती, आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं त्याला ती सांगत होती, "थांबा जरा, माझी शाळंतली मैतरीन आलीय."

दुपारी दुकान सुनेवर सोपवून ती आम्हाला घरी घेऊन गेली. घर मळ्यात, दोन खोल्यांचं. नवरा गोठ्यात होता. सत्तरीकडं झुकलेला, कमी बोलणारा. आम्हाला बघून हात धुऊन आला आणि "तुम्ही इटच्या का? बसा" एवढं बोलून परत गेला. सुमननं पिठलं टाकलं, भाकऱ्या केल्या. कुसुम गोठ्याकडं गेली. मला वाटतं मुद्दामच गेली.

मी चुलीपाशी बसले. वाटभर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हणाले, "सुमे, मी आईला सांगितलं होतं. तिनं काहीच केलं नाही. आणि मी..."

"तू बाक बदललास," ती म्हणाली.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिचा आवाज चढला नव्हता.

"घरी त्यानं जे केलं ते केलं. त्याला म्या राक्षस म्हनत हुते, आन् राक्षस तसंच करनार. पन तू उठून पुढं गेलीस न्हवं, तवा मला वाटलं की म्याच काय तरी घान केलीय. कितीक वर्स वाटत ऱ्हायलं."

मला रडू आलं. सुमननं मला रडू दिलं. तिनं जवळ घेतलं नाही आणि 'जाऊ दे' असंही म्हटलं नाही. भाकरी फुगली तशी तिनं ती काढून टोपल्यात ठेवली.

"तू चौदा वर्साची हुतीस," थोड्या वेळानं ती म्हणाली. "समजतंय मला. माझी नात आता तेवढीच हाय. तिच्याकडं बघितलं की कळतं, आपून किती लहान हुतो. पन दुखायचं ते दुखलं. ते खोटं कशाला सांगू?"

"कुणाला सांगितलंस कधी?"

"ह्यांना. लग्नाला धा वर्सं झाल्यावर. धाकट्या पोराच्या जावळाला त्यो मानूस दारात येऊन बसला, आन् मला चक्कर आली. रातच्याला सांगून टाकलं." तिनं गोठ्याकडं मान केली. "ह्यांनी सकाळी उठून त्याची पिशवी वेशीबाहेर नेऊन ठिवली आन् त्याला म्हनले, हितं पुन्हा पाय ठिवायचा न्हाय. का म्हनून ते कुणालाच सांगितलं न्हाय. भावकीत चार वर्स बोलाचाली बंद हुती आमची."

जेवताना कुसुम आली. तिनं सांगितलं की परवा येळवस आहे, तिच्या नणंदेचं शेत तामलवाडीला आहे, तिथं बायका जमतात तेव्हा ती बोलणार आहे. सुमन ताटात बघत म्हणाली, "म्या बी येते. तुमी काय बोलता ते ऐकाया."

तामलवाडी

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. नाशिकला मी हे नाव काढलं की लोक विचारतात, वेळ कसली? आमच्या ईटकडंही तिचा एवढा थाट नव्हता. तो बघावा तुळजापूरच्या बाजूला. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी ओढून नेतं.

हिरव्या हरभऱ्यात कडब्याची कोप उभी केली होती, म्हणजे कडब्याच्या पेंढ्या टेकवून केलेली झोपडी. आत चुना लावलेले पाच दगड, त्यांना हळदकुंकू. पूजा झाल्यावर कुसुमच्या नणंदेचे यजमान आंबील शिंपडत शेताला फेरी मारून आले, आणि मग पंगत बसली. भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या आणि ओले दाणे बेसनात शिजवलेलं दाट कालवण. त्याच्याबरोबर बाजरीचे उंडे म्हणजे वाफवलेले गोळे, शेंगदाण्याची पोळी, आणि वर मातीच्या भांड्यातली गार आंबील. मी आंबील एका दमात पिऊन दुसरा पेला मागितला, तो अंगावर सांडला आणि साडी चिकट झाली. सुमन हसून म्हणाली, "शाळंतबी अशीच हुतीस."

जेवणं झाल्यावर पुरुष लिंबाखाली आडवे झाले आणि पंचवीसेक बायका कोपेच्या सावलीत बसल्या. काही त्या गावच्या, काही पाहुण्या म्हणून आलेल्या. कुसुमनं विषय काढला. एकीनं हरभऱ्याचा घाटा सोलायला घेतला. दुसरी लेकराचे केस विंचरू लागली. कुसुम बोलत होती ते खरं होतं, गरजेचं होतं, पण ते कुणा लांबच्या बाईबद्दल आहे असं तोंड करून सगळ्या बसल्या होत्या.

मग सुमन उठली. मला वाटलं ती पाणी प्यायला चाललीय. पण ती उभीच राहिली, पदराचं टोक मुठीत धरून.

"म्या सुमन. सोनारीत दुकान हाय माझं," ती म्हणाली. "म्या नववीत हुते. आमच्याच घरात आमच्याच मानसानं केलं माझ्यासंगं. घरात कळलं तर मलाच गप केलं, आन् माझं लगीन लावलं." तिनं बसलेल्या बायकांकडं बघितलं. "लोक म्हनत्यात, बाईची अब्रू गेली. माझी अब्रूबिब्रू कुठं गेली न्हाय. माझी शाळा गेली. मला गनित लई आवडायचं."

घाटा सोलणारा हात थांबला होता. सुमन पुढं म्हणाली, "बास, एवढंच," आणि खाली बसली. मी सरकून तिला चिकटून बसले. तिनं माझा हात धरला नाही, पण बाजूलाही झाली नाही.

त्यानंतर बायका बोलायला लागल्या. कुणी स्वतःचं नाही बोललं. एक बहिणीचं बोलली, एक शेजारणीचं. एका म्हातारीनं विचारलं, "पोलिसात गेल्यावर पेपरात नाव येतंय का?" कुसुमनं सांगितलं की नाव छापायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून पुढं जे घडलं त्यातल्या दोघींची नावं आणि गाव मीही सांगणार नाही. त्या तामलवाडीच्या नव्हत्या, पाहुण्या होत्या एवढंच.

बायका उठल्यावर साठीची एक बाई मागं रेंगाळली. सुमनशेजारी येऊन बसली आणि जमिनीवरचं गवत उपटत म्हणाली, "बाई, असं झाल्यावर किती दिसात सांगावं लागतं?"

सुमननं कुसुमकडं बघितलं. कुसुम जवळ येऊन बसली. "जितक्या लवकर तितकं बरं. पण उशीर झाला म्हणून दार बंद होत न्हाय. कुणाचं हाय, मावशी?"

"सुनंचं." बाईनं हातातलं गवत टाकलं. "कामावर जाती तिथल्या मुकादमानं. चार दिस झाले. म्या तिला म्हनले, गप ऱ्हा, ल्योक गाडीवर लांब गेलाय, त्याला कळलं तर घर मोडंल." ती सुमनकडं वळली. "तुमाला गप केलं म्हनलात न्हवं, तवा माझ्या काळजात चर्र झालं. म्या बी तेच केलं की."

सून कोपेमागं भांडी घासत होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. सासू तिच्यापुढं जाऊन बसली, तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, "चल. तुला जायचं असंल तर म्या येते संगं."

सुनेनं राखेचे हात धुतले. "म्या तवापासनं तयारच हाय," ती म्हणाली. "कापडं बी धुतली न्हाईत. पिशवीत घालून ठिवलीत. तुमी धुवा म्हनलात तवा दडवून ठिवली."

सासूनं तोंडावर पदर घेतला.

दुपारचे दोन वाजले होते. कुसुमनं ओळखीची जीप बोलावली. वाटेत त्यांच्या घरून ती पिशवी घेतली आणि आम्ही पाचजणी सरकारी दवाखान्यात पोचलो. तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाई सावकाश होत्या. प्रत्येक गोष्ट आधी सांगत होत्या, मग 'चालेल का?' असं विचारत होत्या. कुसुम मला म्हणाली की नेहमीच असं होत नाही, कधी कधी भांडावं लागतं. नंतर पोलिस ठाण्यात एका महिला अधिकाऱ्यानं जबाब घेतला. आत कुसुम गेली. आम्ही तिघी बाहेर थांबलो.

सासू सारखी उठत होती, दारापर्यंत जात होती, परत येत होती. "माझ्यावर रागावली असंल का वो ती?" तिनं सुमनला विचारलं.

"असंल की," सुमन म्हणाली. "रागावू द्या. तुमी हितं हाय ते बी तिला दिसतंय."

दिवस मावळायच्या सुमाराला सून बाहेर आली. डोळे सुजले होते, पण पाठ ताठ होती. सासूला म्हणाली, "सगळं सांगितलं. सही केली." आणि मग, जरा वेळानं, "आत्या, मला चा पाहिजे." सासू चहाच्या टपरीकडं अक्षरशः पळत गेली.

परतल्यावर

परत येऊन आता दोन महिने झाले. त्या मुकादमाला चौथ्या दिवशी पकडलं, कोर्टात काय होईल ते पुढं दिसेल. नवऱ्याला कळल्यावर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोबरोबर न्यायाधीशापुढच्या जबाबाला गेला. गावात दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. तिनं दुसरीकडं काम धरलंय. कुसुम तिच्याकडं दर आठवड्याला जाते.

नाशिकला कॉलनीतल्या बायकांना मी येळवशीचं सांगितलं, भज्जी करूनही दाखवली. ती तशी झाली नाही, इथले दाणे वेगळे. मग सुमनचं सांगितलं. सांगून झाल्यावर ओट्याशी उभी असलेली एक शेजारीण बाकीच्या गेल्या तरी मागं राहिली. जाताना म्हणाली, "उद्या वेळ आहे का तुम्हाला?" मी हो म्हटलं.

हे लिहायला घेण्याआधी मी सुमनला फोन केला होता. विचारलं, "लेखात तुझं नाव बदलू का? सोनारी काढून टाकू?"

दुकानात गर्दी असावी. तिनं कुणाला तरी नारळाचा भाव सांगितला, मग फोनवर आली.

"त्या पोरीचं सांगू नको कुठं. माझं ऱ्हाऊ दे. सुमनच लिव्ह, सोनारी बी लिव्ह." मग म्हणाली, "फकस्त कुठं 'बिचारी' लिव्हलंस तर बघ."

फोन ठेवून मी कच्च्या लिखाणाची पानं पुन्हा वाचली. एका जागी लिहिलं होतं. खोडलं.